क्रमवारीच्या याद्या लिहून आपल्यासारख्यांचा धंदा वाढतो का?

अनगोळची चटणीवाली:

नमस्कार मंडळी. माझं माहेर खानापूर, सासर बेळगावातलं अनगोळ. गेली काही वर्षं घरातूनच कांदा-लसूण चटणी, मेतकूट आणि वर्षाचा मसाला करून विकते. भाच्यानं वेबसाइट काढून दिली तेव्हा मी तिथं मनापासून लिहायला लागले. आजीचं उखळ, खानापूरची मातीची भांडी, गच्चीवरची मिरच्यांची वाळवणं, असं सगळं. वाचणारे बहुतेक नात्यातलेच होते.

मग मागच्या वर्षी मार्चमध्ये, हंगामाच्या तोंडावर, एक साधी यादी लिहिली. ‘वर्षाच्या मसाल्याच्या पाच मिरच्या, तिखटपणाच्या क्रमाने’. पहिली लवंगी, मग गुंटूर, मग संकेश्वरी, चौथी ब्याडगी, शेवटची काश्मीरी. प्रत्येकीखाली चार ओळी: वास कसा, साल जाड की पातळ, किलोभर मसाल्यात मी किती घालते. एका संध्याकाळचं काम. पण तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक बहुतेक ती यादी वाचूनच फोन करतं. आणि बोलणं कसं, तर ‘ताई, तुमची तिसरी आणि चौथी निम्मी-निम्मी घालून द्याल का? घरात लहान पोरं आहेत, पहिली नको.’ पूर्वी ‘मध्यम तिखट’ म्हणजे नेमकं काय हे समजावण्यात माझी दहा मिनिटं जायची. आता बाई आकड्यात बोलते आणि मला तिचं घर कळतं.

म्हणून याद्यांवर माझा विश्वास बसला. आता पंचाईत अशी झालीय की गेल्या आठवड्यात एकाचा फोन आला. म्हणाला, आमच्या वेबसाइटवर मसाल्यांची ‘टॉप १०’ यादी येतेय, पहिल्या नंबरला इतके पैसे, पाचव्याला इतके, दहावा फुकट. माझा मसाला त्यानं चाखलेला नाही, पाहिलेलाही नाही. घरात विषय काढला तर भाचा म्हणतो, त्याला कशाला पैसे देतेस, आपणच लिहू की ‘बेळगावातले १० उत्तम मसालेवाले’ आणि पहिल्या नंबरला आपलं नाव घालू, सगळे तेच करतात.

दोन रात्री हेच डोक्यात आहे. त्या दहातल्या सात जणांचा मसाला मी कधी तोंडात घातलेला नाही. तेव्हा विचारते: अशी यादी लिहावी का? पैसे देऊन नंबर घ्यावा का? आणि मिरच्यांची यादी चालली ती कशामुळे, हे कुणी सांगेल का, म्हणजे पुढचं तसंच लिहिता येईल.

जांबोटीचा होमस्टेवाला:

अक्का, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पैसे देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण याद्यांचं बरंवाईट दोन्ही मी अंगणात बसून बघितलंय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक कुटुंब आलं. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये ‘बेळगावजवळचे १० धबधबे’. पहिला गोकाक. मी सांगत होतो, आत्ता जाऊ नका, पण यादीत पहिला म्हटल्यावर ऐकणार कोण? इथून गोकाक जवळ नाही. दिवसभर उन्हात जाऊन आली आणि संध्याकाळी लहान मुलगी रडवेल्या तोंडानं म्हणाली, काका, तिथं नुसता काळा दगड आहे. घटप्रभेचं पाणी तिथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळतं, ऑगस्टमध्ये झुलत्या पुलावर उभं राहिलं की छातीत धडकी भरते. यादी लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. पण त्याचं खरं ऑगस्टपुरतं होतं आणि ते त्यानं लिहिलं नव्हतं.

त्याच यादीत दूधसागर होता, तो गोव्यात. आंबोली होती, ती सिंधुदुर्गात. आपल्या भागात सीमा कुठं लागते आणि कुठं संपते हे आपल्याला पावलागणिक माहीत असतं. लांबच्या माणसाला ते सगळं एकाच गावात वाटतं. ‘सकाळी दूधसागर, दुपारी गोकाक’ असं ठरवून आलेले लोक मला दर पावसाळ्यात भेटतात.

मग मी स्वतःची यादी केली, पण क्रम महिन्याचा लावला. जूनअखेर ते सप्टेंबर वज्रपोहा, गोकाक, गोडचिनमल्की हे धबधबे. पाऊस ओसरला की राजहंसगड, किट्टूरचा किल्ला, आणि हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, कारण तेव्हा रस्ते बरे असतात आणि हिरवळही टिकून असते. उन्हाळ्यात बेळगावच्या किल्ल्यातलं जैन देऊळ, कमल बस्ती, तिथं दगडात गारवा असतो, आणि राकसकोपच्या पाण्याकाठी सकाळी लवकर. प्रत्येक जागेपुढं आमच्या घरापासून लागणारा वेळ. किलोमीटर मुद्दाम लिहिले नाहीत. घाटातल्या किलोमीटरांचा काय भरवसा? सुट्टीबाहेर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माणसं यायला लागली ती या यादीमुळं.

आणखी एक. शेजारच्या चार होमस्टेंचीही यादी माझ्याच पानावर आहे. नंबर दिले नाहीत. कुठं म्हातारी माणसं घेऊन जावं, कुठं कॉलेजची पोरं बरी, कुठं मांसाहारी जेवण उत्तम, असं लिहिलंय. त्या चौघांच्या घरी मी जेवलोय, म्हणून लिहू शकलो. माझ्याकडं जागा नसली की पाहुणे तिकडं जातात. त्यांच्याकडं नसली की माझ्याकडं येतात.

निपाणीकर पुण्यातला:

घर निपाणीत, नोकरी पुण्यात. कंपन्यांच्या वेबसाइटींसाठी लिहिणं आणि लिहून घेणं हेच माझं काम आहे. ताई, तुमची मिरच्यांची यादी मी शोधून वाचली. ती का चालली ते सांगतो.

आमच्या धंद्यात या प्रकाराला लिस्टिकल म्हणतात. मथळ्यात आकडा असला की वाचणाऱ्याला आधीच कळतं, किती वाचायचं आहे. फोनवर वाचणारा माणूस ओळीनं वाचत नाही. अंगठ्यानं पान सरकवतो आणि ठळक अक्षर दिसलं की थांबतो. यादी त्या अंगठ्याला थांबायच्या जागा देते. शिवाय मसाला करायला बसलेल्या बाईच्या डोक्यात प्रश्न निवडीचाच असतो, ‘कुठली घेऊ?’ निबंधाला या प्रश्नापर्यंत यायला वेळ लागतो. यादी दारातच उत्तर देते. गूगलनंही २०१४ पासून शोधाच्या निकालांत सगळ्यात वर उत्तराचा चौकोन दाखवायला सुरुवात केली, आणि क्रमांक घातलेले उपमथळे त्यात बरेचदा तसेच्या तसे उचलले जातात. यादीला दुसरे लोक दुवाही सहज देतात, कारण ‘हे बघा पाच प्रकार’ म्हणून दाखवायला ती सोयीची असते.

पण याच गुणांमुळं याद्यांचा सुळसुळाट झाला. मीही या पापात होतो हे मोकळेपणानं सांगतो. ऑफिसात बसून, कधी न पाहिलेल्या गावांच्या ‘टॉप १५’ याद्या दिवसाला दोन लिहून घ्यायचो. दुसऱ्यांच्या तीन याद्या उघडायच्या आणि त्यांतून चौथी करायची. जांबोटीच्या त्या मुलीला काळा दगड दाखवणारी यादी अशाच कुठल्यातरी टेबलावर जन्मली असणार. ते वाचून मला वाईट वाटलं.

गूगलनं या पोकळ मजकुराविरुद्ध पहिला मोठा घाव फेब्रुवारी २०११ मध्ये घातला, त्याला पांडा अपडेट म्हणतात. एप्रिल २०२१ मध्ये उत्पादनांच्या परीक्षणांसाठी वेगळा बदल आला. त्या वर्षीच्या सूचनाच अशा होत्या की वस्तू स्वतः वापरल्याचा पुरावा द्या: स्वतःचे फोटो, मोजमाप, दुसऱ्या वस्तूशी तुलना. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ नावाचा बदल आला आणि मार्च २०२४ मध्ये तो मुख्य शोधयंत्रणेतच मिसळला. मजकुराचा दर्जा तपासणाऱ्यांना गूगल जी मार्गदर्शिका देतं, तिच्यात डिसेंबर २०२२ मध्ये एक निकष वाढला: लिहिणाऱ्याचा स्वतःचा अनुभव. ताई, तुमच्या यादीत तो ओळीओळीत आहे. ‘किलोभर मसाल्यात मी ही पावशेर घालते’ हे वाक्य पुण्यात बसून मला लिहिता आलं नसतं.

आता थोडं कामाचं. पाचही मिरच्यांचा फोटो एकाच पांढऱ्या ताटात, दिवसाच्या उजेडात काढा. विकतचे फोटो नकोत. यादी दर हंगामाला खरोखर तपासा आणि तेव्हाच तारीख बदला. नुसता मथळ्यातला साल बदलून आत जुनंच ठेवणं ही लबाडी आहे आणि वाचणाऱ्याला ती कळते. आपल्या भागाची एक खास अडचण आहे, ती म्हणजे गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. आपण म्हणतो बेळगाव. जुन्या इंग्रजी सवयीचे लोक अजून बेळगाम शोधतात. तिन्ही नावं पानावर कुठंतरी ओघात येऊ द्यात, पण एका ओळीत कोंबू नका. चिक्कोडी-चिकोडीचंही तसंच.

भाच्याला सांगा, दहा मसालेवाल्यांची यादी लिहू नकोस.

टिळकवाडीतला विद्यार्थी:

दादा, एक विचारू? यादी पाचचीच का? आमच्या मार्केटिंगच्या वर्गात सांगतात की दहाचा आकडा सगळ्यात चांगला.

निपाणीकर पुण्यातला:

दहाला वजन आहे हे खरं. त्यावर अभ्यासही झालाय. २०१४ साली ग्राहकांच्या वागण्यावरचा एक शोधनिबंध आला होता, आयझॅक आणि शिंडलर या दोघांचा. माणसं लांबलचक क्रमवारी मनात गोल आकड्यांवर तोडतात, पहिले दहा, पहिले पंचवीस अशी. त्यामुळं दहावा आणि अकरावा यांच्यातलं अंतर त्यांना नववा आणि दहावा यांच्यातल्या अंतरापेक्षा फार मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते तेवढंच असलं तरी.

पण याचा अर्थ पाचाच्या दहा करा असा नाही. मिरच्या पाचच ओळखीच्या असतील तर सहावी कुठून आणणार? भर घातली की पहिल्या पाचांवरचाही विश्वास उडतो. आणि त्या अभ्यासाचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे: अकरावा नंबर देताना आपण एखाद्याचं केवढं नुकसान करतोय याचं भान पाहिजे.

शहापूरचे गुरुजी:

चर्चा वाचतो आहे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. वेबसाइट माझा विषय नाही, परंतु याद्यांविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात.

आकड्याने लक्षात ठेवणे आपल्याला परके नाही. साडेतीन शक्तिपीठे, अष्टविनायक, बारा बलुतेदार, साडेतीन मुहूर्त. ‘साडेतीन’ हा आकडाच असा आहे की एकदा ऐकलेले मूल विसरत नाही, आणि लगेच विचारते, अर्धे कोणते? माझ्या आईने वणीचे नाव मला याच प्रश्नाच्या उत्तरात सांगितले. मात्र या याद्यांत गणती आहे, चढाओढ नाही. मोरगावचा गणपती यात्रेत पहिला येतो म्हणून ओझरचा कमी ठरत नाही. ताईंनी हा फरक मनात ठेवावा. मोजलेली यादी आणि लावलेला क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लावलेल्या क्रमाची गोडी आमच्या पिढीला लावली ती रेडिओने. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री शहापूरच्या आमच्या गल्लीत ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या ओसरीवर पंधरावीस माणसे जमत. अमीन सयानी ‘पायदान’ म्हणत आणि आम्ही पोरे श्वास रोखून धरत असू. कोणते गाणे वर चढले, कोणते घसरले यावर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भांडणे होत. एवढ्या वर्षांनी वाटते, त्या क्रमावर लोकांचा जीव जडला तो केवळ निवेदनामुळे नव्हे. तबकड्यांच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून तो क्रम लागे, हे सर्वांना ठाऊक होते. एखादे गाणे आम्हाला आवडत नसे तरी ते वर का, याचे कारण मिळत असे.

तुम्हाला फोन करणाऱ्या गृहस्थांच्या यादीत कारण एकच आहे, आणि ते वाचकाला सांगण्यासारखे नाही.

खडेबाजारातला:

मी पैसे दिले होते. सांगतो.

आमचं साड्यांचं दुकान. मुख्य माल इरकल, थोड्या वडगावच्या मागावरच्या साड्या. एका यादीत पहिल्या नंबरला नाव घालून घेतलं, वर्षाचे पैसे आधीच भरले. दीडदोन महिने फोन खूप आले हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण यादीत आमच्या नावाखाली लिहिलं होतं पैठणी आणि कांजीवरम, कारण लिहिणाऱ्यानं दहाही दुकानांखाली तेच लिहिलं होतं. आमच्याकडं पैठणी नाहीच. लांबून गाडी करून आलेल्या एका बाईंना परत पाठवताना मान खाली घालावी लागली. त्यांनी जाऊन नेटवर एक तारा दिला आणि मी त्यांना दोष देत नाही.

नंतर मुलीनं आमच्या पानावर इरकलच्या काठांची यादी लिहिली: गोमी, परासपेठी, गाडी. फोटो काउंटरवरच काढले. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा जिथं एकमेकांत अडकवतात, ते टोपी-टेनीचं काम कसं ओळखायचं तेही लिहिलं. क्रम किमतीचा, कमीपासून जास्तीकडं. आता गिऱ्हाईक येतं ते ‘गोमी काठ दाखवा’ म्हणतच येतं. ताईंच्या मिरच्यांसारखंच झालं. फोन कमी आहेत, पण जे येतात ते घ्यायलाच येतात.

संकेश्वरचा शेतकरी:

ताई, तुमची यादी मीबी वाचली. बरी लिवलीया. पण माझी तक्रार हाय.

तुमी लिवलंय तिखटपणाच्या क्रमानं. पण ते मथळ्यात. खाली नुसतं एक, दोन, तीन. लोकं मथळा इसरत्यात, नंबर ध्येनात ठेवत्यात. मागल्या हंगामात एक घेणारा आला, माल बघितला, आन् म्हणाला, ‘ही तर नेटवर तिसऱ्या नंबरची मिरची हाय, येवढा भाव कसा?’ यादी तुमचीच का दुसऱ्याची, मला ठावं न्हाई. पण आमची जवारी, म्हंजी गावरान, संकेश्वरी तिखटाला तिसरी आसंल, चवीला आन् वासाला तिच्या तोडीची दुसरी दावा मला. तिचं उत्पन्न कमी, तोडणी अवघड, म्हणून ती म्हाग. तिसरी हाय म्हणून स्वस्त मागणार का?

आन् ब्याडगी तुमी चौथी घातलीया. ब्याडगी तिखटासाठी कोण घेतंय? ती रंगासाठी. तिचा रंग काढून खाण्याच्या मालात घालत्यात, ओठाच्या लालीत बी घालत्यात. त्यातबी डब्बी येगळी, कड्डी येगळी. डब्बी आखूड, फुगीर. कड्डी लांब, सुरकुतलेली. तुमी दोन्ही एकाच नंबरात कोंबल्या.

आजून एक. एकाच रानातली मिरची पयल्या तोड्याला येगळी, तिसऱ्या तोड्याला येगळी. पाण्याचा ताण पडला तर तिखट चढतंय. तुमचा नंबर कुठल्या तोड्याचा?

राग नका मानू. तुमच्यासारख्या लिवणाऱ्या हायत म्हणून शेरातली लोकं मिरचीचं नाव तरी घेत्यात. पण नंबर लावला की कुणाच्यातरी भावावर जातंय, येवढंच.

अनगोळची चटणीवाली:

दादा, राग कसला. तुमचं वाचून मी यादी परत उघडली आणि खरंच, खाली कुठंही ‘तिखटपणा’ हा शब्द नाही. मला वाटलं, एकदा वर लिहिलं म्हणजे झालं. स्वयंपाकघरात मी ब्याडगीला कधीच चौथी मानत नाही. तिच्याशिवाय माझ्या चटणीला रंगच येत नाही. तरी कागदावर तिला चौथी केली आणि विसरून गेले.

त्या घेणाऱ्यानं माझीच यादी वाचली असेल तर मला फार वाईट वाटेल. आजच दुरुस्त करायला घेते. पण कशी करू?

निपाणीकर पुण्यातला:

शेतकरीदादा बोलले तो या सगळ्या धाग्याचा गाभा आहे. क्रम वस्तूत नसतो, मापात असतो. तुमच्याच पाच मिरच्या घ्या. तिखटानं लावल्या तर लवंगी पहिली, काश्मीरी शेवटची. रंगानं लावल्या तर खालच्या दोघी वर येतात. त्याच मिरच्या, जवळपास उलटी यादी.

या मापांना इतिहास आहे. तिखटपणा मोजायची पहिली रीत १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांच्या जिभेला तिखट लागेनासं झालं की थांबायचं. जितकं पातळ करावं लागलं तितका आकडा मोठा. आज यंत्रानं मोजतात, पण एकक त्यांच्याच नावाचं. आणि कुठल्याही मिरचीचा आकडा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असाच देतात, दादांनी सांगितलेल्या तोड्यातोड्याच्या फरकामुळं. रंगाचं माप वेगळं, त्याला अस्टा म्हणतात. वासाला मात्र नाकच. तिथं ‘माझ्या नाकाला’ असं लिहा, ते पुरेसं आहे.

मी असतो तर एका यादीच्या तीन केल्या असत्या: तिखटानं, रंगानं, वासानं. आणि प्रत्येक नंबराशेजारी माप परत लिहिलं असतं, ‘तिखटाला तिसरी’, ‘रंगाला पहिली’. नुसता ‘३’ एकटा सोडायचा नाही, कारण तो कुणीतरी कापून नेतं आणि दुसरीकडं चिकटवतं. शोधाच्या निकालात, व्हॉट्सॲपच्या फोटोत, सगळीकडं तो मथळ्याशिवाय फिरतो. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या वरच एआयनं लिहिलेला सारांश दाखवायला लागलं आहे. तिथं तर चार याद्या एकत्र कालवून एक उत्तर बनतं. माप नंबराला शिवलेलं असेल तरच टिकेल.

मोठ्या संस्थांचंही यात चुकतं. अमेरिकेत विद्यापीठांची एक गाजलेली क्रमवारी आहे, तिच्यात कोलंबिया विद्यापीठ दुसरं होतं. २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकानं दाखवलं की विद्यापीठानं स्वतःहून पुरवलेली आकडेवारी बरोबर नव्हती. पुढच्या यादीत ते अठरावं झालं. इमारती त्याच, शिकवणारे तेच. तपासलं नाही तर इतक्या वरच्या नंबराचीही ही गत होते. मग न चाखलेल्या दहा मसालेवाल्यांची यादी कशाच्या जोरावर उभी राहील?

चिक्कोडीची वकील:

कायद्याचं थोडं सांगते, कारण कुणी बोललं नाही आणि खडेबाजारातल्या दादांना पुढं उपयोग होईल.

पैसे घेऊन नंबर देणं ही जाहिरात झाली. जाहिरात आहे हे लपवून तिला परीक्षणाचं रूप दिलं तर ते ग्राहकाची दिशाभूल करणं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याच्या २१ व्या कलमाखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट आहे की शिफारस करणारा आणि माल विकणारा यांच्यात पैशाचा किंवा नात्याचा संबंध असेल आणि वाचणाऱ्याला तो अपेक्षित नसेल, तर तो उघड सांगितला पाहिजे. दुव्यावरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं, त्या अफिलिएट याद्यांनाही हे लागू पडतं. पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहून भागत नाही.

ताईंच्या भाच्यासाठी: स्वतःच्या यादीत स्वतःला ठेवायला बंदी नाही. पण ‘पहिला’, ‘सर्वोत्तम’ असा दावा केला की तो सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. उद्या दुसऱ्या मसालेवाल्यानं विचारलं, कशावरून? तर कागद दाखवता आला पाहिजे. ‘हे आमचं स्वतःचं उत्पादन आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहून काय घातलंय, किती घातलंय ते सांगा. त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

जांबोटीचा होमस्टेवाला:

अक्का, एक राहिलं. यादी कन्नडमध्येही काढा. माझी महिन्यांची यादी शेजारच्या गौडांच्या मुलीनं कन्नडमध्ये करून दिली. हुबळी-धारवाडची माणसं त्या पानावरून येतात, मराठी पानावर ती कधी आलीच नसती. पण तिनं एक शहाणपण केलं, शब्दाला शब्द ठेवला नाही. धारवाडहून येणाऱ्याला लागणारा वेळ वेगळा, म्हणून क्रमही थोडा बदलला. किट्टूर वर आलं, कारण ते त्यांच्या वाटेतच आहे.

तुमचंही तसंच होईल बघा. ‘मेणसिनकाई’ म्हणजे कन्नडमध्ये मिरची. ती शोधणाऱ्या बाईच्या घरी ब्याडगी आधीपासूनच असते. तिला संकेश्वरीबद्दल जास्त सांगावं लागेल.

अनगोळची चटणीवाली:

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून वाचून दाखवलं. तो आधी गप्प होता, मग म्हणाला, मावशी, गुरुजींचं ते ‘साडेतीन’ भारी आहे.

असं ठरवलंय. पैसे मागणाऱ्याला सकाळीच नाही म्हणून कळवलं. दहा मसालेवाल्यांची यादी लिहिणार नाही. मिरच्यांच्या जुन्या यादीला तीन फाटे फोडतेय, तिखट, रंग आणि वास. प्रत्येक आकड्याला त्याचं माप चिकटवून. ब्याडगीत डब्बी आणि कड्डी वेगळ्या करतेय, म्हणजे पाचाच्या सहा झाल्या. वासाच्या यादीवर ‘माझ्या आणि माझ्या सासूबाईंच्या नाकाला’ असं लिहिणार आहे. सासूबाईंना काल सहाही वाट्या डोळे मिटून हुंगायला दिल्या. त्यांनी संकेश्वरी पहिली लावली, दोन्ही वेळा. काश्मीरी आणि कड्डीत त्यांची गल्लत झाली, तर तेही लिहिणार. पहिल्या ओळीत मी मसाला विकते हे स्पष्ट येईल. पैठणीच्या बाईंसारखं कुणाला परत पाठवायची वेळ नको, म्हणून यादीतल्या कुठल्या मिरच्या माझ्याकडं बारा महिने नसतात तेही नोंदवतेय. कन्नडचं अजून कुणाला विचारलेलं नाही, पण समोरच्या घरातल्या सूनबाई धारवाडच्या आहेत.

संकेश्वरच्या दादांना एक विनंती. तुमच्याकडची पहिल्या तोड्याची आणि तिसऱ्या तोड्याची पावपाव किलो जवारी मला विकत हवी आहे. दोन्ही एकाच दिवशी कुटून बघते, फोटो काढते, आणि फरक पडला तर कुठल्या तोड्याचा नंबर आहे ते यादीत तसं लिहिते. तुमचं नाव घालायचं की नाही, तुम्ही सांगा. पुढच्या आठवड्यात हुक्केरीला लग्न आहे, तिथून संकेश्वरला येऊन जाईन.

संकेश्वरचा शेतकरी:

या की ताई. नाव नको, गावाचं घाला. दोन्ही तोडं येगळ्या पिशवीत बांधून ठेवतो, देठासकट. देठ मोडलेली घिऊ नका कुणाकडनंबी, ती लवकर खराब हुती. आन् येताना तुमची ती चटणी घिऊन या, कारभारीण म्हणतीया बघूया तरी आमच्या मिरचीचं काय करत्यात.